एकत्र धावतोच आहोत, तर त्या वेळात कुणाच्या उपयोगी कसं पडावं?

प्रश्न

नमस्कार. आम्ही चौदा जण गेली दोन वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी पहाटे सहाला एकत्र धावतो. पाच किलोमीटर, मग थोड्या बैठका आणि स्ट्रेचिंग. कुणी साखरेमुळे सुरुवात केली, कुणी गुडघ्यांमुळे. आता हातपाय बऱ्यापैकी चालते झालेत, तर महिन्यातून दोनदा तरी त्यांचा दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

गेल्या महिन्यात एक प्रयत्न केला, तो फसला. एका सार्वजनिक बागेत तण काढायला गेलो. फाटकावरच्या माणसाला "साफसफाई करतो" एवढंच सांगितलं होतं. अर्ध्या तासात आख्खा वाफा लख्ख केला, फोटो काढले. तेवढ्यात बागेचं बघणाऱ्या बाई आल्या. वाफ्याशी उकिडव्या बसल्या आणि आम्ही उपटलेल्या ढिगातून बोटभर उंचीची रोपं एकेक करून वेगळी काढायला लागल्या. झिनियाची होती, त्यांनीच लावलेली. त्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली. एक शब्द बोलल्या नाहीत. ते फडकं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

शिवाय आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं, "यात व्यायाम कुठे झाला?" कुणी हे नियमित करत असेल तर कसं बसवलंत ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, वाचून वाईट वाटलं, पण हे सुधारण्यासारखं आहे. आमचा नऊ जणांचा गट सहा वर्षं हे करतोय.

आमच्याकडे काम ठरवतो तो ज्याचं काम आहे तो. आदल्या दिवशी एकजण जागेवर जाऊन येतो आणि दोनच गोष्टी विचारतो: काय करायचं, आणि कशाला हात लावायचा नाही. झाडांचं काम असेल तर राखायच्या रोपांशी काड्या खोचून ठेवायला सांगतो. चाळीस मिनिटांत संपणार नाही असं काम घेत नाही, कारण अर्धवट टाकलेला पसारा मागे त्याच माणसाला आवरावा लागतो.

आता व्यायामाचं. अडीच किलोमीटर धावत जायचं, काम करायचं, धावत परत. तुमचे पाच किलोमीटर तिथेच झाले. आणि मधल्या चाळीस मिनिटांना कमी लेखू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, वर किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा. मध्यम म्हणजे काय, तर बोलता येतं पण गाता येत नाही. कुदळीने खणताना गाऊन बघायला सांगा त्या निम्म्यांना! ओल्या मातीची १० लिटरची बादली १५ किलोच्या आसपास जाते. अशा तीस बादल्या हातोहात पुढे सरकवल्या की दुसऱ्या दिवशी मांड्या आठवण करून देतात.

हातोहात देताना मात्र एक सांभाळा. रांगेत उभा असलेला माणूस बादली घेतो आणि पाय तसेच ठेवून कमरेतून वळतो. दहा बादल्यांनी कंबर धरते. पावलं फिरवून वळायचं, बादली पोटाशी धरायची आणि दर दहा बादल्यांनी समोरासमोर जागा बदलायच्या, म्हणजे वळण एकाच बाजूला होत नाही. आम्ही हे एका सोबत्याची पाठ आखडल्यावर शिकलो. आणि एक कोरडा टीशर्ट जवळ ठेवा. धावून आल्यावर कामाची वाट बघत उभं राहिलं की घाम अंगावर गार होतो.

प्रतिसाद २

सुरुवातीला कचरा उचलणं सोपं. स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास एरिक आलस्ट्रोम यांनी धावता धावता कचरा वेचायला सुरुवात केली, तेच प्लॉगिंग. वाकण्याऐवजी प्रत्येक वेळी बैठक मारा, पिशवीचा हात बदलत राहा. जाड हातमोजे हवेतच. सुया आणि औषधाचा कचरा दिसला तर हात लावायचा नाही, संबंधित खात्याला कळवायचं.

प्रतिसाद ३

मला एक वेगळी बाजू सांगायची आहे. लंडनच्या पूर्व भागात सुरू झालेल्या गुडजिममध्ये धावणारे एकेकट्या वृद्धांना भेटायला जातात, आणि त्या वृद्धांना 'कोच' म्हणतात. कारण ते वाट बघतात म्हणून धावणारा घराबाहेर पडतो. मला हे फार पटलं, म्हणून मीही दर गुरुवारी तीन किलोमीटर धावत एका आजींकडे जाऊ लागले. आमची ओळख घरच्यांच्या संमतीने आणि समोरासमोर झाली होती, ते आवश्यकच आहे.

एका गुरुवारी पाऊस होता. नाही गेले, फोनही केला नाही. पुढच्या आठवड्यात शेजारीण म्हणाली, त्या तासभर दार उघडं ठेवून खुर्चीत बसल्या होत्या आणि पुसायला टॉवेल मांडीवर घेतला होता. माझ्यासाठी. तेव्हापासून जमणार नसेल तर आदल्या रात्री कळवते आणि बदली माणूस ठरलेला असतो. चौदातले दोघेच नेमाने जाणार असतील तर दोघांनीच जा. एकदा जाऊन बंद करणं त्या माणसाला जास्त लागतं.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल एकटीच बागेत जाऊन आले. आधी माफी मागितली, मग प्रतिसाद १ मधले दोन्ही प्रश्न विचारले. बाईंनी मला मागे नेलं. तिथे कुजलेल्या पालापाचोळ्याच्या खताचा कमरेएवढा ढीग आहे, तो पलीकडच्या वाफ्यांपर्यंत न्यायचाय आणि त्यांना एकटीला घमेली उचलवत नाहीत. वाचलेली झिनिया भिंतीकडेला पुन्हा लावलीय, चार रोपं तगलीत. त्यांच्याभोवती त्यांनी माझ्यादेखत काड्या खोचल्या. म्हणाल्या, "चौदा नकोत, सहाजणं या. शनिवारी."