मदत हवी आहे: ५० च्या पुढे गाडीतून घूंऽऽ आवाज. टायर की बेअरिंग?

मंडळी, जरा डोकं लावा. गणपतीला चिपळूणच्या पुढे गावी जायचंय आणि गाडीने ऐन वेळी सूर धरलाय.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, ६८ हजार किलोमीटर झालेत. राहतो ठाण्यात, ऑफिस महापेला. रोजची ये-जा कळवा, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता. साधारण ५० ला आवाज सुरू होतो, ७०-८० ला चांगलाच भरतो. खडखड नाही, शिट्टी नाही, एकसलग घूंऽऽ. आई मागे बसते, ती म्हणते डिकीत कुणीतरी तानपुरा लावून बसलंय. बाबांना काहीच ऐकू येत नाही, पण त्यांना कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

आतापर्यंत केलेलं: एसी बंद करून पाहिला, फरक नाही. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दिला, आवाज नाही. सर्व्हिस सेंटरला दाखवली, त्यांनी पार्किंगमध्ये एक चक्कर मारली आणि "टायरचा आवाज आहे सर" म्हणून अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं. बाराशे रुपये गेले, तानपुरा तसाच. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो मागचं डावं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं) गेलंय, उद्या सोडा, बदलून टाकतो. मलाही आवाज मागून डावीकडूनच येतोय असं वाटतं. बदलू का? आणि नाही बदललं तर अडीचशे किलोमीटर जाण्यात धोका आहे का?

घणसोलीकर:
आधी काहीही बदलू नका. पहिला प्रश्न, आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढतो की गाडीच्या वेगाबरोबर? रिकामा सरळ रस्ता बघून ७० ला क्षणभर न्यूट्रल करा (किल्ली बंद करायची नाही, स्टिअरिंग जड होईल). इंजिन आयडलला आलं तरी घूं तसंच राहिलं, तर ऑल्टरनेटर, बेल्ट, पुली सगळे निर्दोष सुटले. उरली चाकं.

टायर असेल तर रस्ता बदलला की आवाजाची जात बदलते. काँक्रीटवर वेगळा, डांबरावर वेगळा. बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं. आणि टायरवरून तळहात फिरवा, एकदा पुढून मागे, एकदा उलटा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर तो टायर बोलतोच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत रोटेशन (टायरची पुढे-मागे अदलाबदल) केलं नाही तर मागचे टायर हमखास असे होतात.

धागाकर्ता:
न्यूट्रलमध्ये आवाज हलला नाही. काँक्रीट आणि डांबर, दोन्हीकडे सूर तोच, फक्त काँक्रीटवर रस्त्याचा आवाज वरून मिसळतो. मागचे दोन्ही टायर थोडे करवती आहेत, हे मात्र खरं. रोटेशन शेवटचं कधी केलं ते आठवत नाही (बोलू नका, बायको बोललीये).

एक कळवेकर:
दादा, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली यंदा पाण्यातून गाडी काढली का? चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं, सील जुनं असेल, की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस खराब होतं, गंज धरतो. लगेच कळत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी घूं सुरू होतं.

कोणत्या बाजूचं ते वळणावर कळतं. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला आणि उजव्या वळणावर कमी झाला, तर संशय उजव्या बाजूवर. नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याची लांबट वळणं यासाठी बरी, सकाळी लवकर जा आणि वेगमर्यादेत राहा. कानावर विश्वास ठेवू नका. आवाज पत्र्यातून फिरतो, पुढचा मागे ऐकू येतो.

धागाकर्ता:
जुलैत दोनदा काढली. पुढच्या रिक्षावाल्याने काढली म्हणून मीही काढली, कारण सांगण्यासारखं दुसरं नाही.

आज सकाळी पाम बीचला गेलो. डाव्या वळणावर आवाज स्पष्ट वाढतो, उजव्या वळणावर जवळजवळ मिटतो. म्हणजे उजवी बाजू! मिस्त्री डावं मागचं बदलायला निघाला होता.

घणसोलीकर:
आता पुढचं की मागचं ते जॅकवर. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला. पुढचं उजवं उचलून हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर जात्यात रवा दळल्यासारखी बारीक खरखर स्प्रिंगमधून हाताला लागते. डाव्या चाकाशी तुलना करा. चाक वर-खाली धरून हलवून बघा, पण प्ले (चाकाचं ढिलं हलणं) नाही म्हणजे बेअरिंग ठीक असं नव्हे, प्ले बराच उशिरा येतो. गाडीखाली शिरायचं नाही. एकच पुढचं चाक उचलून गिअरमध्ये टाकायचं तर मुळीच नाही. दुसरं जमिनीवर थांबलेलं असलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) उचललेलं चाक मीटरच्या दुप्पट वेगाने फिरतं.

प्रवासाबद्दल: नुसतं घूं असताना चाक उद्या निखळत नाही. पण खरखर, प्ले, हब (चाकाचा मधला भाग) तापणं हे त्याच्या पुढचे टप्पे, आणि कुटुंब, सामान भरून घाटात त्याची परीक्षा कशाला?

एक कळवेकर:
बदलताना समोर उभे राहा. पुढचं बेअरिंग प्रेस मशीनवर बसवायचं, हातोड्याने ठोकलं तर नवं बेअरिंग तिथेच मार खातं. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बऱ्याच बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय रिंग असते, ती बाजू सेन्सरकडे हवी. उलटं बसलं की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा, आणि ते काढून पुन्हा बसवता येत नाही. काढलं की मेलं. ॲक्सलचा नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आवळायला सांगा.

धागाकर्ता:
झालं. पुढचं उजवंच होतं, खरखर स्प्रिंगवर इतकी स्पष्ट लागली की मुलालाही कळली. प्रेस मशीन असलेलं गॅरेज तुर्भ्याला मिळालं. जुनं बेअरिंग उघडलं तर आत ग्रीसच्या जागी चहाच्या गाळासारखा तपकिरी चिखल. एबीएसचा दिवा लागला नाही. डावं हाताला गुळगुळीत आहे, जोडीने बदललं नाही, आल्यावर पुन्हा उचलून बघेन.

८० ला अजून बारीक गुणगुण आहे. टायर पुढे-मागे केले तर ती पुढे सरकली, म्हणजे ते करवती टायर. सर्व्हिस सेंटर अगदीच खोटं बोलत नव्हतं. शुक्रवारी पहाटे निघतोय.