दहाचं नाणं खरं की खोटं, गल्ल्यावर बसून ओळखायचं कसं?

चरईची पोळीभाजी:
ठाण्यात चरईला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. दहाची नाणी ढिगाने येतात, पुढे मात्र सरकत नाहीत. जांभळी नाक्यावरचा भाजीवाला म्हणतो, "ताई, पंधरा रेघांवालं खोटं असतं, दहा रेघांवालं द्या." रिक्षावाल्याला रुपयाचं चिन्ह असलेलंच हवं. दूधवाला सरसकट सगळीच नाकारतो, निदान शब्दाला पक्का तरी आहे! बँकेत पिशवी घेऊन गेले तर "मोजायला माणूस नाही" म्हणून परत पाठवलं.

मुळात दहा रुपयांसाठी एवढी उठाठेव कोण करेल? करत असतील तर ओळखायचं कसं? आणि एखादं खोटं नाणं माझ्या हातून गिऱ्हाइकाला गेलं तर गुन्हेगार मी का?

घणसोलीकर:
रेघा मोजणं सोडा ताई. दहाची नाणी तोवर १४ वेगवेगळ्या डिझाइनची निघाली होती आणि सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ला जाहीर केलंय. रुपयाचं चिन्ह नाण्यांवर २०११पासून आलं, त्याआधीची बिनचिन्हाचीच असणार. भाजीवाल्याला १४४४० हा नंबर लावून द्या, रेकॉर्ड ऐकू दे.

डायवाला तुर्भे:
तुर्भ्याला टीटीसी औद्योगिक वसाहतीत डाय, म्हणजे छाप उठवायचे साचे, घडवण्यात माझी हयात गेली, म्हणून बोलतो.

कोण करेल म्हणता? २०१८मध्ये माहितीच्या अधिकारात आकडे आले होते. दहाचं नाणं पाडायला सरकारला ५.५४ रुपये खर्च, रुपयाचं पाडायला १.११. म्हणजे रुपयाचं खोटं नाणं करणारा घरचे पैसे घालवील, दहावाल्याला मात्र मार्जिन आहे. २०१६ साली दिल्ली पोलिसांनी पाच-दहाच्या बनावट नाण्यांचा कारखाना पकडला होता, तो उगाच नाही.

आता ओळखायचं कसं. लोक चित्र बघतात, आणि नक्कल करायला तेच सगळ्यात सोपं. खऱ्या नाण्यावरून डाय उतरवता येतो. फक्त उतरवलेल्या डायची धार मरते. अक्षरांचे कोपरे गोलसर होतात, सिंहाची आयाळ बुळबुळीत दिसते, सपाट भागावर बारीक पुळ्या येतात. वापरून झिजलेल्या नाण्यावर उठाव कमी होतो, पण पुळ्या येत नाहीत. हा फरक एकदा डोळ्यात बसला की बसला.

अवघड आहे तो सांधा. दोन धातूंच्या नाण्यात साधारण मधल्या चकतीच्या कडेला आधीच खाच पाडलेली असते. छापाचा दाब पडला की बाहेरच्या कड्याचा धातू त्या खाचेत घुसतो आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. छाप आणि जोड एकाच ठोक्यात. त्याला जबर टनेजचा प्रेस लागतो आणि चकत्यांचं माप केसाइतकंही हलून चालत नाही. नकली करणारा इथे मार खातो. सांध्यावरून नख फिरवा, फट लागते का बघा. मधली चकती अंगठ्याने दाबा. मग नाणं वहीच्या पानासारखं उलटा. मागची बाजू सुलटच दिसली पाहिजे, तिरकी असेल तर ते बाजूला काढा. वजन ७.७१ ग्रॅम, म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा नाणी ७७च्या आसपास भरतील. चुंबकाच्या नादी लागू नका. पाचाचं जुनं कॉपर-निकेलचं चिकटत नाही, नंतरचं स्टीलचं चिकटतं, आणि दोन्ही खरी.

त्या जुन्या जाड पाचाच्या कडेला मधोमध खाच होती, आठवतंय? सिक्युरिटी एज तिला म्हणतात. नाण्याची कड हा जुना पहारा आहे. इंग्लंडात लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढायचे, म्हणून १६६२पासून तिथे कडेवर 'शोभा आणि रक्षण' अशा अर्थाचा लॅटिन मजकूर यायला लागला. पुढे १६९६मध्ये आपला सफरचंदवाला न्यूटन टांकसाळीत वॉर्डन झाला आणि त्याने चॅलोनर नावाच्या नाणेचोराच्या मागे लागून १६९९मध्ये त्याला फासावर पोचवलं. शास्त्रज्ञ मागे लागला की असं होतं!

माझी तक्रार आपल्या इतक्या डिझाइनवर आहे. ब्रिटनमध्ये गोल पौंडातली शंभरातली तीनेक नाणी खोटी निघायला लागली. त्यांनी २०१७च्या मार्चमध्ये दोन धातूंचं बारा कोनी नाणं काढलं, तिरकं केलं की चित्र बदलतं असं, आणि १५ ऑक्टोबरला जुनं बंद करून टाकलं. एक गेलं, एक आलं. आपल्याकडे नवं येतं आणि जुनंही फिरत राहतं, मग भाजीवाल्याने खरं म्हणून डोळ्यांपुढे ठेवायचं तरी कोणतं? आपलं वीसचं नाणं बारा कोनी केलं ते उत्तम काम, अंधारात बोटांनाही कळतं.

चरईची पोळीभाजी:
काका, आत्ता गल्ला ओतून बघितला. एकावर सालाखाली चांदणी आहे, एकावर शंकरपाळ्यासारखी खूण, एकावर काहीच नाही. काही नसलेलं खोटं ना?

डायवाला तुर्भे:
अजिबात नाही, ते कोलकात्याचं. चांदणी हैदराबादची, शंकरपाळं आपल्या मुंबईचं, फोर्टातल्या टांकसाळीचं. गोल ठिपका दिसला तर नोएडा.

कोर्टनाका:
कायद्याचं मी सांगते. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खोटं नाणं बनवलं तर कलम १७८, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. चालवलं तर १७९, जवळ बाळगलं तर १८०. पण शेवटच्या दोन्हींत 'खोटं आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून' ही अट आहे. शिवाय नाणं कायदेशीर मार्गाने आलं हे दाखवता आलं तर १८० लागत नाही. ताई, तुमचा रोजचा गल्ला हाच तुमचा मार्ग.

खरं नाणं वितळवणं हाही गुन्हा आहे, २०११च्या नाणे अधिनियमात त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कायद्याने रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत वैध चलन. नाणं नाकारणाऱ्याला तुरुंग, हे व्हॉट्सअॅपवर फिरतं खरं, पण तसं कलम या अधिनियमात नाही. बँकेला मात्र नाणी घ्यावीच लागतात, तसे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. शंभर-शंभरच्या पिशव्या करून न्या. तरी नाही घेतली तर लेखी नकार मागा आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा.

एक सांभाळा. काकांच्या कसोटीत एखादं नाणं नापास झालं, तर ते गिऱ्हाइकाच्या सुट्ट्यात सरकवू नका. तोवर तुम्हाला माहीत नव्हतं, त्यानंतर माहीत आहे.

चरईची पोळीभाजी:
एक निघालं, मधली चकती हलते. गल्ल्याबाहेर ठेवलंय. बाकीची उद्या शंभर-शंभर बांधते.