इमॅजिका: दोन मुलं, सासूबाई आणि एकच दिवस. कसं बसवायचं?

चिंचवडची_आई

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं घाटतंय. मी, नवरा, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची आणि सासूबाई. त्यांचं वय ६६, गुडघे कुरकुरतात, पण "मला घरी ठेवून जाल तर बघा" असा दम मिळालाय. गर्दी नको म्हणून मुलाची शाळा बुडवून बुधवारी किंवा गुरुवारी जाणार आहोत.

अडचणी अशा. मुलाला नायट्रोशिवाय (तिथला मोठा रोलर कोस्टर) दुसरं काही सुचत नाही. मुलगी दुपारी दीडला झोपते, म्हणजे झोपतेच, मग आभाळ कोसळो. सासूबाईंना वाटेत महडच्या गणपतीचं दर्शन हवंय आणि जमलं तर पालीचंही. नवऱ्यानं ऑफिसातल्यासारखी एक्सेल शीट केलीय. त्यात दर वीस मिनिटांना एक राइड आहे आणि शू करायला कुठंच वेळ नाही.

कुणी लहान मुलं आणि म्हातारं माणूस दोन्ही घेऊन गेलंय का? दिवस कसा लावलात?

ठाणे_ते_कुठेही

एक्सप्रेस पास घ्या, विषय संपला. वेगळ्या रांगेतून लवकर आत सोडतात. पैसे जास्त जातात, पण वेळेलाही किंमत असतेच की.

पिशवीवाले_आजोबा

ताई, एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्तीनंतर नातवंडांबरोबर इमॅजिकाला तीनदा गेलोय. माझ्याकडं काम एकच, पिशव्या सांभाळणं. बाकावर बसून दुसरं काय करणार, तर रांगा मोजल्या. जुनी खोड.

आधी तुमच्या बुधवार-गुरुवारचं. मधल्या वारी गर्दी नसते हा हिशेब हिवाळ्यात चालत नाही, कारण तेव्हा शाळांच्या सहली निघतात. शाळेच्या सहलीला महामंडळ निम्म्या भाड्यात गाडी देतं, आणि त्या दिवसांत सहलीच्या मागण्या पुरवता पुरवता आमच्या डेपोत रोजच्या फेऱ्यांना गाड्या जुळवायची मारामार व्हायची. म्हणून जाऊ नका असं नाही म्हणत. शनिवार-रविवारपेक्षा ही गर्दी बरी, कारण ती वेळापत्रकावर चालते. एका गाडीत ४४ पोरं धरा. दोन गाड्या आल्या की मास्तर-बाई धरून नव्वदच्या वर डोकी, सगळ्यांच्या टोप्या एका रंगाच्या, आणि सगळी एकाच रांगेत. टोप्या दिसल्या की तिथनं सरळ पाठ फिरवायची. अर्ध्या तासानं परत या, लाट पुढं गेलेली असते. शिवाय लांबच्या गाडीला रात्री गाव गाठायचं असतं, त्यामुळं चारच्या सुमाराला मास्तरांच्या शिट्ट्या आणि हजेऱ्या सुरू होतात. त्यानंतरची वेळ सगळ्यात सोन्याची. बहुतेक घरची माणसं त्याच वेळेला थकून आइस्क्रीम खात बसलेली असतात.

आमची पहिली खेप पार वाया गेली, आणि चूक आमचीच. साताऱ्याहून निघायला आठ वाजले, एक्सप्रेसवेला चहा-वडापाव झाला, आणि आत शिरलो तेव्हा साडेबारा. दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळेला सगळ्यात मोठ्या रांगेत उभे राहिलो. धाकट्या नातवाला रांगेच्या मधोमध शू लागली, सून त्याला घेऊन बाहेर पडली आणि तिची पाळी गेली. संध्याकाळी हिशेब केला तर पोरांच्या चार राइड झाल्या होत्या आणि माझं जेवण सव्वातीनला.

दुसऱ्या खेपेला मी कंट्रोल केबिनमध्ये बसल्यासारखा बसलो. दार उघडायच्या अर्धा तास आधी हजर. गाडीतच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही उरकलं, कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तिकिटं घरूनच काढलेली. आत गेल्यावर माणसं समोर जे दिसेल तिथंच पहिली रांग लावतात, फोटो काढतात, पोरांना चक्रात बसवतात. तुम्ही थांबू नका. थोरल्याची जी सगळ्यात मोठी राइड असेल तिच्याकडं तडक चालायला लागा. मोठे पाळणे सुरुवातीच्या पाऊण तासात जेवढे होतात तेवढे दुपारच्या दोन तासांत होत नाहीत.

आता रांग कशी मोजायची ते सांगतो. लांबी बघून काही कळत नाही. एका फेरीत किती माणसं आत जातात ते मोजा आणि दोन फेऱ्यांमधली मिनिटं घड्याळात बघा. समजा २४ जण जातात आणि फेरी चार मिनिटांची आहे. म्हणजे तासाला ३६०. तुमच्यापुढं २०० माणसं असली तर ३३ मिनिटं लागणार, मग रांग कितीही वळसे घेऊन छोटी दिसो. याउलट थिएटरसारखे जे शो आहेत ते आख्खी रांग एका दमात गिळतात. तिथली लांब रांग बघून घाबरायचं कारण नाही, पण दार डोळ्यांदेखत बंद झालं तर पुढच्या फेरीपर्यंत थांबणं आलं. विनाथांबा गाडी आणि दर थांब्याला थांबणारी गाडी यांत जो फरक, तोच हा.

दुपारी उन्हात उभं राहायचंच नाही. बारा ते साडेतीन सगळं छपराखालचं घ्या. अलिबाबामध्ये गाडीत बसून बंदुकीनं नेम धरायचा असतो, पोरं त्यात रमतात. मिस्टर इंडियाच्या खुर्च्या हलतात, सासूबाईंची मान किंवा पाठ दुखत असेल तर नको. सलीमगड चार वर्षांच्या पोरीला अजिबात दाखवू नका, भुतं आहेत, रात्री तुम्हालाच जागावं लागेल. आय फॉर इंडियाला मात्र सासूबाईंना जरूर बसवा. खुर्ची उचलली जाते, पाय अधांतरी लोंबतात आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. मी पिशव्या सुनेकडं देऊन एकदा गेलो. चप्पल घट्ट धरून ठेवायच्या नादात अर्धा देश बघायचा राहिला. सँडल घाला, मागं पट्टा असलेली.

जेवण पावणेबाराला किंवा अडीचनंतर. एकला जेवायला जाणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी स्वारगेटला गाडी पकडणं. राजासॉरसच्या होडीत माणूस चिंब होतो, ते उन्हं उतरायच्या आत करा आणि कोरडे मोजे पिशवीत वर ठेवा, तळाला नको.

एक्सप्रेस पास वाईट नाही, पण धाकटीला त्यातल्या बऱ्याच राइडवर घेणार नाहीत आणि सासूबाई बसणार नाहीत. पाच जणांचे पैसे आणि उपयोग दोघांना. घ्यायचाच तर कुणासाठी ते आधी ठरवा.

शेवटचं. धाकटीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पेननं तुमचा मोबाइल नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. नुसतं पेन घामानं आणि त्या होडीच्या पाण्यानं जातं, आमचं गेलं होतं. दारातच दोन्ही पोरांचा एक फोटो काढा, म्हणजे आज कपडे कुठले घातलेत हे घाबरल्यावर आठवत बसावं लागत नाही.

घाटाखालचा

मी खोपोलीचाच. आजोबांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. महड करा, पाली नको. महड जुन्या हायवेच्या जवळ, खोपोलीपासून अगदी हाताशी. सकाळी लवकर गेलात तर शांतपणे दर्शन होतं, आणि १८९२ पासून तेवत असलेला नंदादीप बघून सासूबाई खूष होतील. पालीचा बल्लाळेश्वर पार्कच्या पुढे त्याच रस्त्यानं बराच लांब. जाऊन-येऊन, चपला-रांग-प्रसाद धरून अडीच-तीन तासांची निश्चिंती. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

आणि एक विनंती. नकाशात नाव टाकताना महड टाका, महाड नाही. दर मोसमात कुणी ना कुणी थेट चवदार तळ्याच्या रस्त्याला लागतं आणि मग आम्हाला फोन येतात.

डिसेंबरात पावसाचा त्रास नाही. जूनमध्ये विचारलं असतंत तर वेगळं सांगितलं असतं, आमच्याकडे पाऊस पडत नाही, ओततो. तेव्हा उघड्यावरच्या राइड मधेमधे थांबवाव्या लागतात.

दोन_पिल्लांची

मुलाची उंची मोजलीत का? वयावर काही नसतं, प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते आणि दारावरचे लोक उंची बघूनच आत सोडतात. माझ्या भाच्यानं वर्षभर एकाच राइडचं स्वप्न बघितलं आणि पट्टीपाशी दोन बोटं कमी पडला. टाचा उंच करून बघितल्या, केस उभे करून बघितले, दारावरचा मुलगा हसला पण हलला नाही. बरोबरच आहे, अंगावर येणारा दांडा त्या उंचीच्या हिशेबानंच बसतो. संकेतस्थळावर राइडप्रमाणे उंची दिलेली असते. घरी भिंतीला उभा करा, डोक्यावर पुस्तक धरा, पेन्सिलनं रेघ मारा.

आणि जिथं धाकटीला घेत नाहीत तिथं दारावरच्या माणसाला आधीच विचारा, की आमच्यातला एकजण जाऊन आला की दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागेल का. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

चिंचवडची_आई

जाऊन आलो! गुरुवारी गेलो होतो. सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण आजोबांचा नंबर असता तर वाटेतच फोन केला असता.

मुलाला मागच्याच रविवारी भिंतीला उभा केला. नायट्रोला कमी पडला, चांगला सात सेंटिमीटर. रडला, जेवला नाही, पुस्तक नीट धरलं नाहीस म्हणून माझ्यावर चिडला. पण ते सगळं चिंचवडला झालं, तिथं नाही. सोमवारपर्यंत स्वारी गोल्ड रश एक्सप्रेसवर आली होती आणि गुरुवारी सकाळी तडक चालत जाऊन पहिली राइड तीच केली. बाहेर आला आणि लगेच पुन्हा गेला, रांग नव्हतीच.

पहाटे साडेपाचला निघालो, महडला निवांत दर्शन झालं. पालीचं सासूबाईंनी स्वतःच पुढं ढकललं, "तो काही पळून जात नाही" म्हणून. दशम्या पार्किंगमध्ये खाल्ल्या. नवऱ्याची एक्सेल शीट अकराच्या सुमाराला बाद झाली, पण मग तो घड्याळ लावून फेऱ्या मोजायला लागला आणि त्यातच त्याचा दिवस मजेत गेला. एका ठिकाणी त्यानं २५ मिनिटं सांगितली, २७ लागली. ती दोन मिनिटं कुठं गेली यावर घरी येईपर्यंत चर्चा.

मुलगी दीडला झोपली. बाबागाडी नेली होती, सावलीत आजीजवळ तासभर गाढ. तेवढ्यात आम्ही तिघं अलिबाबा आणि मिस्टर इंडिया करून आलो. उठल्यावर ती टबी हत्तीच्या राइडमध्ये तीनदा बसली, आणि मुलाखतीला बसल्यासारखी गंभीर चेहऱ्यानं. सासूबाई आय फॉर इंडियाला दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा गुडघ्यांचा उल्लेखही नाही.

एकच फसलं. राजासॉरसनंतर कोरडे मोजे सापडले ते अर्थातच पिशवीच्या तळाला. पिशवी मीच भरली होती, सासूबाईंनी शब्दानं काही म्हटलं नाही, फक्त बघितलं.

पिशवीवाले_आजोबा

छान झालं. पिशवी कुणी सांभाळली ते कळलं. टोप्या होत्या का?

चिंचवडची_आई

तीन शाळा होत्या. एक पोपटी, एक लाल, आणि तिसऱ्यांना टोप्याच नव्हत्या, सगळ्यांचे निळे स्वेटर. दुपारपासून मुलगीच आधी ओळखायला लागली. बाबागाडीतून हात करून ओरडायची, "आई, पोपटी आले, पळ!"