ॲसिडने धुण्याआधी थांबा

सहलीत मिळालेल्या गारगोट्या ‘सौम्य ॲसिडमध्ये रात्रभर ठेवा, चकाचक होतात’ असा सल्ला कुणीतरी दिलाय; तो क्वार्ट्झ किंवा ॲमेथिस्टपुरता ठीक आहे. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या) पोकळ्यांतून मिळणाऱ्या झिओलाइटना, म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांना, मात्र तो लावू नका. स्कोलेसाइट, मेसोलाइट या झिओलाइटच्या नाजूक सुया हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळून चक्क जेलीसारख्या होतात, आणि सोबत कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) असेल तर तोही फसफसत जातो. साधं पाणी नि जुना टूथब्रश पुरे.

माझी फजिती वेगळीच. पुण्याजवळच्या एका दगडखाणीतून (मालकाला विचारून, हे आधी सांगतो) पांढऱ्या स्फटिकांचा छान गुच्छ आणला, कापसात गुंडाळून कपाटात ठेवला. उन्हाळ्यात उघडला तर कापसात पांढरा भुगा! तो लॉमोंटाइट होता, हाही एक झिओलाइटच. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि स्फटिक आपोआप ढासळतो. तेव्हापासून संशयित नमुना सरळ बंद डब्यात, ओलसर कापसासोबत.

आणि ‘पुण्यात जीवाश्म का नाही सापडले’ म्हणणाऱ्यांनी एकदा विदर्भाकडे वळावं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात ते मिळतात. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप या मिशनरी भूशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते.