सहा सेलच्या जुन्या कॅसेट रेकॉर्डरला कोणता ॲडॉप्टर लावू?

कॅसेटवेडी:
बाबांचा कॅसेट रेकॉर्डर माळ्यावरून खाली काढलाय. आजीच्या आवाजातल्या चार कॅसेट आहेत, त्या उतरवून घ्यायच्यात. ॲडॉप्टर कधीच हरवला. मागे गोल जॅक, मध्ये बारीक पिन. शेजारची अक्षरं पुसलीत, नुसतं 'डीसी' वाचता येतं. घरात 9 आणि 12 व्होल्टचे ॲडॉप्टर आहेत, दोन्ही बसतात. कुठला लावू?

सोल्डरकाका:
अजून काहीच लावू नकोस. पिन बसली म्हणजे जोडणी बरोबर, असं मुळीच नाही. व्होल्टेज सेलच्या कप्प्यावरून कळेल. सहा सेल असतील तर 9 व्होल्ट, चार असतील तर 6.

खरा घोटाळा प्लस-मायनसचा. हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरना मध्ये प्लस असतो, जुन्या रेकॉर्डरांत मात्र मध्ये मायनस सर्रास सापडतो. माझ्या हातून एक सेट असाच गेला. घाईत उलटं जोडलं आणि ॲम्प्लिफायरची आयसी (आवाज मोठा करणारी चिप) जळाली. तो वास अजून आठवतो.

सेल काढ, मागचं झाकण उघड. आतला सगळ्यात मोठा उभा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा नळकांड्यासारखा भाग, शोध. त्याच्या अंगावर वजाच्या खुणांचा पट्टा असतो, त्या बाजूचा पाय मायनस. मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून एक टोक त्या पायाला आणि दुसरं जॅकच्या मधल्या पिनेला लाव. बीप आला तर मध्ये मायनस. नाही आला तर जॅकच्या बाहेरच्या पत्तीला लावून बघ. सेलच्या स्प्रिंगवरून ठरवू नकोस. पिन आत गेली की जॅकमधली पत्ती सेलची वाट तोडते, त्यामुळे फसायला होतं.

कॅसेटवेडी:
काका, सहा सेल आहेत आणि बीप मधल्या पिनेलाच आला! माझ्या दोन्ही ॲडॉप्टरवर मध्ये प्लस छापलंय. शिवाय 9 चा ॲडॉप्टर मीटरवर 13 दाखवतोय.

सोल्डरकाका:
बरं झालं मोजलंस. तो ट्रान्सफॉर्मरवाला जड ॲडॉप्टर असणार, भार नसताना, म्हणजे काही जोडलेलं नसताना, असा चढतो. तो राहू दे. रेग्युलेटेड, म्हणजे भार असो-नसो 9 वरच राहणारा, 9 व्होल्टचा घे, 1 अँपिअर पुरे. अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, सेट लागतील तेवढेच ओढतो. वायर मध्ये कापून दोन तारा उलटसुलट जोड, डाग दे, दोन्ही सांधे वेगवेगळे झाक. मग मीटरचं लाल टोक पिनेच्या बाहेरच्या पत्र्याला, काळं आतल्या भोकात. वजाशिवाय 9 दिसले तरच सेटला लाव.

आणि आजीची कॅसेट पहिल्यांदा घालू नकोस गं. जुना बेल्ट चिकट झाला असेल तर टेप गुंतते. आधी एखादी नको असलेली कॅसेट पूर्ण वाजवून बघ.

टेपवाला:
काकांचं सगळं बरोबर. फक्त उतरवून घेताना ॲडॉप्टर काढून नवे सेल घाल. हल्लीच्या हलक्या, स्विचिंग ॲडॉप्टरची बारीक किरकिर रेकॉर्डिंगमध्ये येते, आजीच्या हळू बोलण्यात ती ऐकू येईल.