अनुभव धागा : शांता आपट्यांचा आवाज खरा ऐकायचा कसा?

कोरेगावकर
'कुंकू' हा शांता आपटे नायिका असलेला चित्रपट प्रभात कंपनीचा, १९३७चा, पण त्याची मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, म्हणजे आपल्या कोरेगावची. त्यामुळे सातारा-सांगलीकडे हा चित्रपट घरचाच वाटतो. दाखवला की मागून एक शेरा हमखास येतो : "बाई दिसते छान, पण आवाज किनरा." माझ्या मते हा किनरेपणा दहातल्या आठ वेळा यंत्राचा असतो, शांताबाईंचा नाही. तबकड्या, प्रोजेक्टर, गाणं यांतलं ज्यांना हाताने ठाऊक आहे त्यांनी लिहा. काय करायचं, किती, कुठे चुकतं तेवढंच. आजोबांनी कितीदा पाहिला ते नंतर कधीतरी.

तबकडीवाला (सांगली)
पहिली चूक सुईची. एलपीची (नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकडीची) सुई टोकाला सुमारे १८ मायक्रॉन, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला लागते सुमारे ७५ मायक्रॉनची. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते. तिथे नव्वद वर्षांची धूळ बसलेली. आवाज खाचेच्या भिंतींवर असतो, तळाशी फक्त खरखर. सुईचा भार ३ ते ५ ग्रॅम ठेवा. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर पोलादी पिन एका बाजूला एक, मग फेकून द्या. पिन वाचवायच्या नादात तबकडी जाते.

दुसरी चूक धुण्याची. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं द्रव, काहीही लावू नका. तबकडी लाखेची आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लिटरभर थंड डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल, मधलं लेबल कोरडं, मग साध्या पाण्याने धुऊन सावलीत उभी वाळवायची. उन्हात नाही, पापडासारखी वाकते.

तिसरी चूक कुणाच्या लक्षात येत नाही. आजचे अँप्लिफायर एलपीसाठी ठरलेल्या हिशोबाने वरचे स्वर दाबतात, कारण एलपी कापताना ते मुद्दाम वाढवलेले असतात. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांत ते तसे वाढवलेले नाहीत. मग दाबलेले ते दाबलेलेच राहतात आणि बाई घोंगडीआडून गातेय असं वाटतं. संगणकावर घेताना हा हिशोब बंद ठेवा आणि खर्ज तेवढा नंतर कानाने भरा.

पेटी_वाई
वेगाचं राहिलं की, काका. निम्मा किनरेपणा तिथलाच.

तबकडीवाला (सांगली)
बरोबर. वेग तपासायची स्ट्रोब चकती छापून घ्या, ७७ रेघांची, आणि फिरत्या तबकडीवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७७.९२ फेरे. पिवळा बल्ब किंवा चोकवाली जुनी ट्यूब लागते. एलईडीखाली बऱ्याचदा काहीच दिसत नाही आणि माणसं चकतीला शिव्या घालतात.

रीळ_सातारा
तबकडीइतकाच घोळ व्हिडिओत. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. दूरदर्शन पद्धतीची जुनी प्रत काढताना तो २५ने पळवलेला असतो. चार टक्के फरक म्हणजे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज पेटीच्या जवळजवळ पाऊण पट्टीने वर चढतो. हाच तो किनरेपणा. प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा, पण 'पिच करेक्शन' बंद ठेवा. ते चालू राहिलं तर वेग उतरेल, स्वर तिथेच चढलेला राहील.

पडद्यावर खरं रीळ चालवणारे आता थोडे, तरी लिहून ठेवतो. ३५ मिमी फिल्मवर ध्वनीची पट्टी चित्राच्या २० फ्रेम पुढे असते. गेट (जिथे चित्र पडद्यावर पडतं) आणि साउंड ड्रम (जिथे ध्वनीची पट्टी वाचली जाते) यांच्यामधला फिल्मचा लूप मोठा पडला की आवाज मागे राहतो, लहान पडला की पुढे पळतो. संवादात हे खपून जातं, गाण्यात लगेच कळतं, कारण ओठ आणि समेची जागा जुळत नाही. लूप घातल्यावर मशीन हाताने फिरवून बघायचं, मग मोटर. आवाज दबका आला तर आधी एक्सायटर लॅम्प, म्हणजे ध्वनीच्या पट्टीवर उजेड टाकणारा दिवा, बघा. तो काळा पडलेला किंवा जागेवरून सरकलेला असतो. स्पीकरला दोष नंतर द्या.

आणि चित्र ताणू नका. १.३७ची चौकट आहे. टीव्हीवर ४:३ ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत. 'झूम' केलं की वरखालचं कापलं जातं, आणि या नटीचं निम्मं काम हातांत आहे.

पेटी_वाई
हातांचं काढलंत ते बरं झालं. पार्श्वगायन १९३५च्या सुमारास आलं आणि रुळायला वेळ लागला. त्याआधी नटीने सेटवरच गायचं, कॅमेरा चालू असताना. साथीदार चौकटीबाहेर, माइक डोक्यावर. आता अडचण बघा : स, श, च या अक्षरांतले बारीक ध्वनी सरळ रेषेत जातात. मान वळली की आधी तेच गळतात, शब्द बोथट होतो. बांगड्या वाजल्या, खळीचं लुगडं सळसळलं की ते माइकमध्ये ठळक. म्हणून रंगभूमीवरून आलेली मंडळी खांबासारखी उभी राहून गायची. शांताबाई १९३२मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून आल्या, १९३४ला 'अमृतमंथन', आणि गाताना डोळे, भुवया, हात हलवायला लागल्या. गाणं म्हणजे चाललेल्या प्रसंगाचाच भाग, हे त्या काळी नवं होतं. ऐकताना शब्दांची शेवटची अक्षरं पकडा. मान वळलेली असूनही ती शाबूत असतील तर ते कसब आहे.

पट्टी तपासायची तर गाण्याचा षड्ज (सा) पेटीवर लावून बघा. दोन पट्ट्यांच्या मधे पडला तर वेगाची शंका घ्या, पण त्यावरून निकाल लावू नका. त्या वेळच्या पेट्या आजच्या मापाला लावलेल्या असतीलच असं नाही. दोन-तीन गाणी तपासा. सगळी सारखीच चढलेली निघाली तर प्रत पळवलेली.

साधीच वाचक (तासगाव)
'कुंकू'त मधेच सगळं शांत होतं, ते साउंड गेल्यामुळे का?

रीळ_सातारा
नाही ताई. त्यात पार्श्वसंगीत घातलेलंच नाही. घड्याळ, पावलं, भांडी, जे प्रसंगात आहे तेवढंच ऐकू येतं. व्हॉल्यूम वाढवू नका, पुढच्या संवादाला दचकाल.

चोपडीवाली (कराड)
माहिती जमवणाऱ्यांसाठी. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' या एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या, पण डबिंग नव्हे, दोन्ही स्वतंत्र चित्रित. नायिका मराठीत नीरा, हिंदीत निर्मला, नवरा केशवराव दातेच. नेटवरच्या तुकड्यांना सर्रास चुकीची नावं असतात, तेव्हा नाव हाक मारताना ऐका. गाण्यांची चोपडी मिळाली तर मुखपृष्ठाआधी आतलं नटसंचाचं पान बघा. संगीत केशवराव भोळे, मराठी गाणी शांताराम आठवले. तबकडीवरचं गाणं आणि चित्रपटातलं गाणं एकच धरू नका. १० इंची तबकडीत एका बाजूला साडेतीन मिनिटंही बसत नाहीत, म्हणून बहुतेकदा कडवं कमी करून वेगळं गायलेलं असतं.

जन्मसाल १९१६ की १९२३ यावर भांडण आहे. १९३२चा 'श्यामसुंदर' धरला तर दुसरं साल नऊ वर्षांची नायिका देतं, म्हणून मी पहिलं लिहिते. बाकी पक्कं : १९३९ला प्रभातच्या फाटकाशी उपोषण, १९४०ला 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक, १९४१ला तमिळ 'सावित्री', त्यात नारद एम. एस. सुब्बुलक्ष्मी. संवादांसाठी शांताबाई तमिळ शिकल्या. २४ फेब्रुवारी १९६४ला गेल्या.

तबकडीवाला (सांगली)
कानाची परीक्षा घ्यायची तर १९४६च्या 'सुभद्रा'मधलं 'मैं खिली खिली फुलवारी' लावा. शांताबाई आणि अगदी कोवळ्या लता मंगेशकर एकत्र. एकाच तबकडीत, एकाच वेगात दोन आवाज, म्हणजे यंत्राचा दोष दोघींना सारखाच. तिथे जो फरक ऐकू येईल तो गळ्याचा.

कोरेगावकर
हे सकाळीच करून पाहतो. ७७ रेघांची चकती कुणाकडे छापलेली असेल तर साताऱ्यात एस.टी. स्टँडपाशी येऊन घेतो.