भिंतीवरचे चित्र आणि घरातले गुपित : मुलांच्या रहस्यकथा वाचताना आलेले अनुभव

माझी दहा वर्षांची मुलगी आणि मी गेले दोन महिने रोज रात्री एक प्रकरण, अशा बेताने एक रहस्यकथा वाचत होतो. घरात वर्षानुवर्षे टांगलेले एक चित्र, त्याविषयी काही विचारले की विषय बदलणारी मोठी माणसे आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ शोधणारी एक मुलगी, असे तिचे कथानक होते. पुस्तक संपल्यावर लेकीने विचारले की चित्राखाली खरोखरच दुसरे चित्र असू शकते का. मी तिला व्हॅन गॉगच्या १८८७ सालच्या गवताच्या चित्राविषयी सांगितले. त्या हिरव्या रंगाखाली दडलेला एका स्त्रीचा चेहरा २००८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने रंगांसह पाहता आला. नवा कॅनव्हास परवडत नसल्यामुळे तो पुष्कळदा आपल्याच जुन्या चित्रांवर नवी चित्रे काढत असे. हे ऐकून ती जरा हिरमुसली. "म्हणजे ते गुपित नव्हतेच, काटकसर होती," असे ती म्हणाली.

तेव्हापासून मी विचार करते आहे की अशा गोष्टींत मुले नक्की काय शोधतात. ज्यांनी अशा कथा लहानपणी वाचल्या, मुलांना वाचून दाखवल्या किंवा ज्यांच्या घरातल्या चित्रामागे खरोखरच काही निघाले, त्यांनी आपला अनुभव या धाग्यावर लिहावा. मुलाने प्रश्न विचारल्यावर घरच्या मोठ्यांनी काय केले, हे विशेषतः वाचायला आवडेल.

एक निवृत्त चित्रकला शिक्षिका

अशी रहस्यकथा वर्गात वाचायला घेण्यापूर्वी मी मुलांना सतराव्या शतकातले एक डच चित्र दाखवत असे. हेंड्रिक व्हॅन अँथनिसन याने काढलेले ते चित्र १८७३ पासून केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. थंडीचे दिवस, समुद्रकिनारा आणि त्यावर जमलेली माणसे, एवढेच त्यात दिसे. मग मी विचारायची, "इतक्या थंडीत ही माणसे इथे का जमली असावीत?" मुले नाना उत्तरे देत. एकदा एक अबोल मुलगी म्हणाली, "ती काहीतरी पाहत आहेत, पण ते आपल्याला दिसू दिलेले नाही."

तिचे उत्तर बरोबर होते. चित्राची सफाई चालू असताना क्षितिजापाशी अधांतरी उभा असलेला एक माणूस दिसू लागला आणि वरचा रंग काढत गेल्यावर त्याच्या पायांखाली किनाऱ्याला लागलेला प्रचंड देवमासा उघड झाला. २०१४ साली ही बातमी जगभर पोहोचली. त्या मुलीला मी पुढे रहस्यकथा वाचताना पाहिले, तेव्हा ती पुराव्यांपेक्षा पात्रे कोणत्या क्षणी गप्प होतात याच्याच खुणा करत होती. मला हे वाचन फार खोलवरचे वाटले.

एक आई

थोडी सावधगिरीची गोष्ट सांगते. अशीच कथा वाचून माझ्या आठ वर्षांच्या मुलाने घरातल्या एका जुन्या तैलचित्राचा कोपरा नखाने खरवडला. खाली कापडाखेरीज काही निघाले नाही आणि तो दिवसभर रडला. नंतर मी त्याला समजावले की तज्ज्ञ मंडळी चित्राला धक्का न लावता आतले पाहतात : शिशाचा पांढरा रंग क्ष-किरण अडवतो, म्हणून खालच्या आकृती छायाचित्रात उमटतात, आणि अवरक्त किरणांत कोळशाने काढलेल्या रेषा दिसतात. लेखकांनी ही माहिती कथेतच दिली, तर ती अधिक रंजक होईल आणि घरातली चित्रेही शाबूत राहतील.

एक वडील

मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर आम्ही खऱ्या घटना वाचू लागलो. नामवंतांच्या नावाने बनावट चित्रे काढणाऱ्या वुल्फगँग बेल्ट्राकी या जर्मन चित्रकाराला २०११ साली शिक्षा झाली. आपण विकत असलेली चित्रे पत्नीच्या आजोबांच्या संग्रहातली आहेत, असे ते दांपत्य सांगत असे. पुरावा म्हणून पत्नीनेच आजीसारखा पोशाख करून, मागे बनावट चित्रे टांगून छायाचित्र काढून घेतले होते. १९१४ सालचे म्हणून विकलेल्या एका चित्रात टायटॅनियमचा पांढरा रंग आढळला, जो त्या काळी चित्रकारांना मिळतच नव्हता, आणि सगळा बनाव उघडा पडला. मुलगा बराच वेळ त्या छायाचित्राविषयीच बोलत राहिला. चित्र खोटे असण्यापेक्षा आजी खोटी असणे त्याला अधिक लागले होते.

एक वाचक

मी अकरा वर्षांची असताना वाचलेल्या एका कथेतला मुलगा प्रत्येक वस्तूची मागची बाजू तपासत असे. आमच्या जिन्यात तळ्याकाठच्या संध्याकाळचे एक जलरंगातले चित्र होते. ते "कोणा ओळखीच्या चित्रकाराने दिले", एवढेच सगळे सांगत. एका दुपारी मी ते उतरवले, मागचे खिळे सरळ केले आणि माउंट, म्हणजे चित्राच्या कडा झाकणारी पुठ्ठ्याची चौकट, उचलला. माउंटखाली झाकलेल्या दोन बोटांच्या पट्टीत आकाश गडद जांभळे होते; उरलेल्या चित्रात प्रकाशाने गुलाबी छटा उडून जाऊन ते राखाडी निळे झाले होते. त्या जांभळ्या पट्टीच्या कोपऱ्यात माझ्या आत्याची सही होती.

मी बाबांना दाखवले. ते रागावले नाहीत आणि त्यामुळेच मी घाबरले. "होते तसे लावून ठेव," असे ते हलक्या आवाजात म्हणाले. पुढच्या वेळी आत्या आली, तेव्हा मी तिला सांगितले की मी जांभळे आकाश पाहिले आहे. ती काही वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली, "तो रंग मला तीन दिवस जमत नव्हता."

कथांमध्ये मोठी माणसे शेवटच्या प्रकरणात सगळे एका दमात सांगून टाकतात, जे मला कधीच पटलेले नाही. माझ्यापर्यंत ही हकीकत वीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी आली. आत्याला कलाशाळेत प्रवेश मिळाला होता आणि आजोबांनी तो नाकारायला लावला होता. चित्र त्यांना मनापासून आवडत होते, म्हणून त्यांनी ते जिन्यात लावले. आपली मुलगी चित्रकार म्हणवली जावी हे मात्र त्यांना मान्य नव्हते, म्हणून सही झाकली जाईल असा माउंट त्यांनी कापून घेतला.

धागाकर्ती

ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने १९०७ साली पूर्ण केलेले अदेले ब्लॉख-बाऊअर हिचे सोनेरी चित्र नाझींनी तिच्या कुटुंबाकडून हिरावले होते, आणि २००६ साली ते तिची भाची मारिया आल्टमान व इतर वारसांना परत मिळाले. मी त्याविषयी इथे सविस्तर लिहिणार होते; पण वरचा अनुभव मी लेकीला वाचून दाखवला आणि तिचा एकच प्रश्न आहे : तो माउंट नंतर कोणी काढला का?

वरील वाचक

हो. आजोबा गेल्यानंतर बाबांनी स्वतः मोठ्या खिडकीचा नवा माउंट करून घेतला. आता सही दिसते आणि तिच्याभोवतीची जांभळी पट्टीही दिसते. चित्र जिन्यातून काढून उजेड कमी असलेल्या खोलीत लावले आहे आणि आत्या आली की त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसते.